भाकड महिन्याची मिळकत

पौष महिन्याची ख्याति आपल्याकडे कधींच फारशी चांगली नव्हती. ह्या महिन्यांत लग्न होत नाहीं, मुंज होत नाहीं, नव्या घरांत कोणी पाऊल टाकीत नाहीं. संक्रांतीचा तिळगूळ सोडला तर मोठासा सणहि नाहीं. म्हणून जुन्या माणसांनीं त्याला भाकड महिना असें नांव ठेवलें. दूध आटलेल्या गाईला जो शब्द लावतात तोच त्यांनीं ह्या तीस दिवसांना लावला. परंतु गाय भाकड झाली तरी ती गोठ्यांत असतेच. तिला वैरण-पाणी घालावेंच लागतें. हे तीस दिवसहि तसेच कोणाला चुकत नाहींत. ते थंडी घेऊन येतात, लवकर पडणारा अंधार घेऊन येतात आणि घरांतल्या प्रत्येक माणसापुढें एक रिकामी संध्याकाळ आणून ठेवतात. त्या संध्याकाळीं दाराला कडी घालून, घोंगडी पांघरून पुस्तक हातीं धरावें, ह्यासारखें सुख नाहीं, असें पुष्कळ जण म्हणतील. आणि तें खरेंहि आहे. पण असा महिना सरल्यावर मागें वळून पाहिलें तर हातीं काय उरतें? नुसती ऊब, कीं आणखी कांहीं? हा प्रश्न आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करावयास देवळाली कॅम्पाइतकें योग्य ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल. नाशिकच्या दक्षिणेस, समुद्रसपाटीपासून सुमारें १,८०० फूट उंचीवर हें छावणीचें गांव वसलें आहे. जवळून दारणा नदी वाहते. एका बाजूस बहुल्याचा डोंगर दिसतो आणि तिकडून तोफखान्याच्या सरावाचे आवाज अधूनमधून कानीं येतात. समुद्र दूर असल्यामुळें मुंबईच्या हवेंतला दमटपणा येथें नाहीं. हिवाळ्यांत आकाश निरभ्र असतें. दिवसां तापलेली जमीन सूर्य मावळतांच आपली ऊब आकाशाला देऊन टाकते आणि ती अडवून धरावयास ढगांचें पांघरूण नसतें. त्यांत उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला म्हणजे दुपारीं नुसत्या सदऱ्यावर हिंडणाऱ्या माणसाला रात्रीं दोन घोंगड्याहि पुरत नाहींत. ह्याच जिल्ह्यांतल्या निफाडला कांहीं वर्षीं पारा पांच अंशांच्याहि खालीं उतरतो, आणि द्राक्षांच्या बागांतून शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवून घडांना जपतात.

ही कोरडी हवा प्रकृतीला मानवते म्हणून मुंबईचीं कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या देवळालीस हवापालटासाठीं येत आलीं. त्यांच्यासाठीं येथें आरोग्यभुवनें उभीं राहिलीं, झाडींत कौलारू बंगल्या उठल्या. परंतु हवा पालटण्यास आलेल्यांच्या आधीं येथें आले ते गोरे शिपाई, आणि देवळालीचें नांव जगाच्या कानांवर गेलें तें त्यांच्यामुळें.

१८६१ सालीं ब्रिटिश सैन्यानें देवळालीस मुक्कामाची छावणी उघडली. विलायतेहून नव्यानें उतरलेले शिपाई येथून देशभर रवाना होत, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई परतीचें जहाज मिळेपर्यंत येथें येऊन थांबत. सैन्य वाहून नेणारीं जहाजें साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच सुटत. ज्याची मुदत एप्रिलांत संपली त्याला सारा उन्हाळा आणि सारा पावसाळा काढून पुढच्या हिवाळ्याची वाट पाहावी लागे. फ्रँक रिचर्ड्स नांवाच्या एका जुन्या शिपायानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ ह्या आठवणींच्या पुस्तकांत ह्या वाट पाहण्याचें वर्णन केलें आहे. हातीं शस्त्र नाहीं, रोजचें काम नाहीं. अधूनमधून सामानाची तपासणी आणि क्वचित् एखादी लांबची चाल, एवढाच काय तो उद्योग. सारी नोकरी चांगल्या वर्तणुकीनें केलेलीं माणसें येथें येऊन कांहीं तरी गुन्हा करून बसत आणि घरीं जाण्याऐवजीं आधीं तुरुंगांत जात. कोणी एकटाच बोलूं लागे, कोणाचें चित्त ठिकाणावर राहात नसे. ह्या अवस्थेला शिपायांनीं ‘डुलाली टॅप’ असें नांव दिलें. डुलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला तापच. पुढें ताप गळून गेला आणि नुसती देवळाली उरली. आज हा शब्द इंग्रजी कोशांत वेडसर ह्या अर्थानें बसला आहे.

हा ताप कशाचा होता? त्यांत हिंवतापाचा आणि दारूचा वांटा असेलच. परंतु मुख्य रोग रिकाम्या वेळाचा होता. आपल्याकडे रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो असें म्हणतात. त्या म्हणींत थट्टा आहे. देवळालीच्या शिपायाची स्थिति थट्टेची नव्हती. त्याचें काम संपलें होतें, घर अजून आलें नव्हतें, आणि मधला वेळ कशासाठीं आहे हें त्याला सांगणारें कोणी नव्हतें. ज्या पलटणींत तो वाढला तिचे सोबती दूर राहिले होते आणि ज्यांच्यांत तो येऊन पडला होता ते त्याच्यासारखेच वाटसरू होते. पुस्तक हातीं दिलें असतें तरी त्यांतली गोष्ट तो कोणाला सांगणार होता?

आतां ह्याच देवळालीपासून कांहीं कोसांवर, ह्याच हवेंत, दुसऱ्या एका जागीं काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. नाशिकरोडच्या मध्यवर्ती तुरुंगांत १९३२-३३ च्या हिवाळ्यांत सविनय कायदेभंगाच्या चळवळींतले बंदी ठेवलेले होते. त्यांत एक शिक्षक होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांतली नोकरी १९३० सालीं सोडून तो चळवळींत पडला होता. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर दिलेलीं प्रवचनें ह्याच शिक्षकानें जागच्या जागीं उतरून घेतलीं होतीं. दिवसां तुरुंगाचें नेमून दिलेलें काम, आणि रात्रीं व पहाटे लेखन, असा क्रम ठेवून त्यानें ९ फेब्रुवारी १९३३ ला एक पुस्तक लिहावयास घेतलें आणि १३ फेब्रुवारीला, पांचव्या दिवशीं, तें हातावेगळें केलें. पुस्तकाचें नांव ‘श्यामची आई’ आणि शिक्षकाचें नांव पांडुरंग सदाशिव साने. १० तारखेस माघी पौर्णिमा होती. म्हणजे तें लेखन झालें तें माघांतल्या थंड, चांदण्या रात्रींत. त्या पुस्तकांतल्या प्रकरणांना प्रकरणें म्हटलेलें नाहीं, रात्री म्हटलेलें आहे. दिवसाचीं कामें आटोपून आश्रमांतले मित्र भोंवतीं बसतात आणि श्याम त्यांना आईची एकेक आठवण सांगतो. पुस्तकाचा सारा घाटच एक सांगणारा आणि कांहीं ऐकणारे असा आहे.

त्याच तुरुंगांत त्याच काळांत जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे हीं तरुण मंडळी होतीं. त्यांनीं तेथें वाचन केलें, वाचलेल्यावर वाद घातले, आणि त्या वादांतून १९३४ सालीं काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. बंदिवासांतल्या हिवाळ्याचा ह्याहून जुना दाखला सर्वांच्या परिचयाचा आहे. १९१०-११ च्या हिवाळ्यांत ब्रह्मदेशांतल्या मंडालेच्या तुरुंगांत लोकमान्य टिळकांनीं ‘गीतारहस्य’ पेन्सिलीनें लिहून काढलें. लिहावयास पांचएक महिने लागले. पण त्यामागें वर्षानुवर्षांचें वाचन होतें आणि तुरुंगांतहि त्यांनीं ग्रंथांचा मोठा संग्रह जवळ केला होता.

शिपायाचा वेळ रिकामा होता आणि बंद्याचाहि वेळ रिकामा होता. थंडी दोघांनाहि तीच. उलट शिपायाला बाहेर हिंडण्याची मोकळीक होती आणि बंद्याला नव्हती. तरी एकाला ताप भरला आणि दुसऱ्याच्या हातून ग्रंथ झाला. बुद्धीचा फरक म्हणून हें सोडून देणें सोपें आहे, पण त्यानें समाधान होत नाहीं. बंद्याला आपण येथें कां आहोंत हें ठाऊक होतें, हा एक फरक. दुसरा फरक असा, कीं त्याच्या मनापुढें ऐकणारें कोणी तरी सतत बसलेलें होतें. टिळकांपुढें त्यांचे लोक होते, साने गुरुजींपुढें मुलें होतीं, त्या तरुण मंडळींपुढें एकमेकांचीं तोंडें होतीं. एकट्याचें वाचन माणसाला ऊब देतें. वाचलेलें दुसऱ्यापर्यंत पोंचलें कीं त्या उबेवर कांहीं तरी शिजतें.

परंतु टिळक आणि साने गुरुजी हीं मोठीं माणसें झालीं. साध्या घरानें आपल्या भाकड महिन्याचें काय करावें? ह्यासाठीं जुन्या देवळाली कॅम्पांतलें एखादें बिऱ्हाड डोळ्यांपुढें आणावें. नांव-गांव लावण्याचें कारण नाहीं. १९३० च्या आगेमागें अशीं बिऱ्हाडें तेथें दर हिवाळ्यांत येत असत.

समजा, मुंबईच्या एका कचेरींत काम करणाऱ्या गृहस्थाला विषमज्वर झाला. त्या काळीं ह्या तापावर रामबाण औषध नव्हतें. कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून तो उतरावा लागे. ताप उतरला, पण अंगांत त्राण राहिलें नाहीं. महिनाभर देवळालीस जा, दूध-भात खा, उन्हांत बसा आणि पुस्तकाला हात लावूं नका, असें डॉक्टरांनीं बजावलें. मग मार्गशीर्ष सरतां सरतां गृहस्थ, त्यांची पत्नी आणि म्हातारी आई अशीं तिघें जण वळकट्या, शेगडी आणि पितळी डबे घेऊन नाशिकरोडला उतरलीं आणि टांग्यांतून कॅम्पांतल्या एका लहानशा बंगलींत येऊन राहिलीं. दोन खोल्या आणि पुढें पडवी. सकाळीं पडवींत ऊन, संध्याकाळीं झाडींतून येणारा बोचरा वारा.

पहिला आठवडा ह्या घरालाहि देवळालीच्या तापानें सोडलें नाहीं. दूध पातळ आहे, कोळसे ओले आहेत, कचेरींतून पत्र नाहीं, मुंबईस परत जावयाला अजून किती दिवस, हाच विषय सकाळ-संध्याकाळ. गृहस्थ चिडके झाले होते. सूनबाई मुकाट्यानें वावरत होती. सासूबाई कोपऱ्यांत बसून जपाची माळ ओढीत. त्यांच्या अंगावर लाल आलवण होतें. त्यांना वैधव्य येऊन चाळीस वर्षें झालीं होतीं. सासू-सुनेचें वांकडें नव्हतें, पण स्वयंपाकापलीकडचें बोलणेंहि त्यांच्यांत फारसें कधीं झालें नव्हतें.

ट्रंकेंत वाचावयाचें साहित्य तीनच प्रकारचें होतें. सासूबाईंची ‘भक्तिविजया’ची पोथी, दोन जुने दिवाळी अंक, आणि मुंबईच्या एका वाचनालयांतून आणलेली हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी. गृहस्थांना वाचण्याची बंदी. म्हणून एका संध्याकाळीं सूनबाईनें कंदिलाची वात वर केली, सासूबाईंसाठीं पोथींतला एक अध्याय वाचला आणि पोथी बांधून ठेवल्यावर नवऱ्यासाठीं कादंबरीचें पहिलें प्रकरण वाचावयास घेतलें. मग तो नेम झाला. आधीं पोथी, मग कादंबरी. पोथी संपली कीं सासूबाई शेगडीकडे पाठ करून माळ घेत. कादंबरी त्यांच्यासाठीं नव्हती, आणि आपण ती ऐकत नाहीं हें त्यांना दाखवावयाचें होतें.

कादंबरींतली यमू हळूहळू मोठी होत होती. माहेर, सासर, भावाची माया, घरांतलीं बोलणीं, सारें एका मुलीच्या तोंडून येत होतें. चार-सहा दिवसांनीं सूनबाईच्या ध्यानांत आलें, कीं वाचन चाललें असतां माळेचा मणी पुढें सरकत नाहीं. आणखी दोन दिवसांनीं दुपारीं गहूं निवडतां निवडतां सासूबाईंनीं मान वर न करतां विचारलें, “आज त्या पोरीचें काय होणार ग?” त्या दिवसापासून त्या शेगडीकडे तोंड करून बसूं लागल्या.

ज्यांनीं ती कादंबरी वाचली आहे त्यांना ठाऊक आहे, कीं यमूला पुढें वैधव्य येतें आणि तिच्या मनाविरुद्ध तिचें केशवपन होतें. सूनबाईनें तो भाग दुपारीं चाळून पाहिला होता. संध्याकाळ झाली, पोथी झाली, पण कादंबरी उघडण्यास तिचा हात धजेना. समोर शेगडीपाशीं आलवण नेसलेल्या सासूबाई बसल्या होत्या. गृहस्थांच्याहि तें लक्षांत आलें असावें. ते म्हणाले, “आज राहूं दे. पोथीचाच आणखी एक अध्याय वाच.” तेव्हां सासूबाई म्हणाल्या, “नको. तिचें मध्येंच टाकूं नकोस. वाच तूं.”

सूनबाईनें वाचलें. वाचून झाल्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. निखाऱ्यांवर राख धरली तरी शेगडी कोणी उकरली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे मागल्या अंगणांत सूनबाई बंब पेटवीत असतां सासूबाई तिच्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनीं आपली हकीकत सांगितली. वय तेव्हां बाविसाचें. दिवस असेच थंडीचे. मागल्या दारीं न्हावी आलेला. कोणी हात धरले, कोणी तोंड फिरविलें, कोणाच्या आवाजानें ते तीन वर्षांचें मूल झोपेंतून जागें झालें. तें मूल म्हणजे आतां आंत निजलेले गृहस्थ. चाळीस वर्षांत त्यांनीं ही गोष्ट मुलाला सांगितली नव्हती, बहिणीला सांगितली नव्हती, देवापुढेंहि उच्चारली नव्हती. ती त्यांनीं सुनेला सांगितली, कारण सुनेनें आदल्या रात्रीं तीच गोष्ट त्यांना वाचून दाखविली होती.

येथें एक तारीख लक्षांत घेण्यासारखी आहे. हरिभाऊंची ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ पत्रांतून १८९० ते १८९३ ह्या काळांत क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या सुमारास ह्या बाईवर तो प्रसंग गुदरला त्याच सुमारास पुण्यांत तिची कथा छापून घरोघर जात होती. हजारों लोक ती वाचून हळहळत होते. फक्त जिची ती कथा होती तिच्यापर्यंत ती पोंचली नव्हती. तिला पोंचावयास चाळीस वर्षें लागलीं. आणि पोंचली ती पुस्तक विकत घेतल्यानें नव्हे, कोणी तरी मोठ्यानें वाचल्यानें.

ह्या बिऱ्हाडाचा महिना संपला. गृहस्थांच्या अंगीं बळ आलें, माणसें मुंबईस परतलीं, कादंबरी वाचनालयांत परत गेली. पुढल्या वर्षीं त्यांच्या नात्यांत एक मुलगी विधवा झाली. तिला हिंगण्यास, अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेंत शिकावयास पाठवावें असें कोणीं तरी सुचविलें. घरांतले पुरुष विचारांत पडले. लोक काय म्हणतील, म्हातारीला काय वाटेल, अशी कुजबूज चालली. तेव्हां कोपऱ्यांतून आवाज आला, “पाठवा. आणि उशीर करूं नका.” ज्या आवाजाची सर्वांना भीति होती तोच आवाज सर्वांच्या आधीं बोलला. सून मात्र चकित झाली नाहीं. पुढें अनेक वर्षें देवळालीचा विषय निघाला कीं गृहस्थ तेथल्या हवेची आणि दुधाची तारीफ करीत. सूनबाईला आठवे तो मागल्या अंगणांतला बंब आणि त्याच्या धुरांत शेजारीं बसलेली सासू. तिची त्या महिन्याची मिळकत ती होती.

ही कल्पनेंतली कथा असली तरी तींतला हिशेब खरा आहे. तीच कादंबरी सूनबाईनें मनांतल्या मनांत वाचली असती तर तीन दिवसांत संपली असती. ती रडली असती, डोळे पुसून पुस्तक परत केलें असतें, आणि शेगडीपाशीं बसलेल्या बाईच्या मनांत काय आहे हें तिला कधींच कळलें नसतें. मोठ्यानें वाचण्याला वेळ लागतो. रोज एकच प्रकरण होतें. मधला सारा दिवस तें मनांत मुरतें. न ऐकणाऱ्यालाहि तें ऐकूं येतें. ह्यासाठीं घाईचा महिना उपयोगाचा नाहीं. लग्नसराईंत हें होत नाहीं, परीक्षांच्या दिवसांत होत नाहीं. ह्यासाठीं भाकड महिनाच लागतो.

आपल्या समाजाला हें नवें नाहीं. पोथी वाचावयाची ती मोठ्यानें, आणि ऐकावयास शेजारपाजार जमावयाचा, हीच जुनी रीत होती. छापखाने आले, साक्षरता वाढली, प्रत्येकाला स्वतःचें पुस्तक स्वतः वाचतां येऊं लागलें. ही फार मोठी गोष्ट झाली आणि तिची किंमत कमी लेखण्याचें कारण नाहीं. पण घरांतलें मोठ्यानें वाचणें त्याबरोबर मागें पडलें. आज तर एकाच खोलींत चार माणसें बसलेलीं असतात आणि चौघांच्या हातीं चार भ्रमणध्वनि असतात. त्यांत पुस्तकेंहि असतात, चांगलीं असतात. परंतु प्रत्येकाची शेगडी निराळी झाली आहे, आणि एकाला कशाची ऊब लागली तें दुसऱ्याला समजत नाहीं.

साधनांची उणीव मात्र नाहीं. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून चाललें आहे. ‘मनोरंजन’ मासिकानें १९०९ सालीं दिवाळीचा खास अंक काढला, तेव्हांपासून दर वर्षीं दिवाळी संपतांच घरोघर वाचनाची शिदोरी येऊन पडते आणि ती पौषापर्यंत सहज पुरते. नाशिकच्याच कुसुमाग्रज प्रतिष्ठानानें २००९ सालीं ‘ग्रंथ तुमच्या दारीं’ ही योजना सुरू केली. तींत पुस्तकांनीं भरलेल्या पेट्या कुटुंबांच्या गटांतून फिरतात; ठरलेल्या मुदतीनंतर एका गटाची पेटी दुसऱ्या गटाकडे जाते. नाशिकरोडच्या कारागृहांतहि अशा पेट्या गेल्या आहेत. जेथें ‘श्यामची आई’ लिहिली गेली त्या भिंतींच्या आंत आज दुसरें कोणी तरी हातांत पुस्तक घेऊन बसत असेल. पेटी दारांत येऊन पडली म्हणजे अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें घरांतल्या माणसांचें आहे.

तें काम अवघड नाहीं. येत्या हिवाळ्यांत घरानें एक पुस्तक ठरवावें. रात्रींचीं जेवणें झाल्यावर अर्धा तास तें एकानें वाचावें आणि इतरांनीं ऐकावें. वाचणारा दर आठवड्यास बदलावा. म्हणजे मुलांचे उच्चार सुधारतात आणि म्हाताऱ्यांना आपला आवाज अजून कोणाला हवा आहे हें कळतें. ज्याला पुस्तक फार आवडलें त्यानें दुसऱ्या दिवशींचें प्रकरण चोरून वाचूं नये. सर्वांबरोबर थांबण्यांतहि गोडी असते. वाचन संपल्यावर चर्चा झालीच पाहिजे असा आग्रह नसावा. जें बोलावयाचें तें माणसें दुसऱ्या दिवशीं गहूं निवडतांना, चहा गाळतांना, आपल्या सोयीनें बोलतात. आणि एखादें माणूस पाठ फिरवून बसलें तर त्याला समोर बोलावूं नये. वाचणाऱ्यानें आपला आवाज थोडा मोठा करावा, एवढेंच पुरे.